मनगटातलं रबर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता, ते त्याआधीच गेले. मुलाला नाही, सुनेला नाही. आणि जिच्यापाशी मी अख्ख्या विश्रांतवाडीच्या चहाड्या करते त्या मंदाला — अर्धंच. त्या अर्ध्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. उरलेलं अर्धं माझ्यापाशी राहिलं, आणि त्यावर हसायला कुणी मिळालं नाही.

मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही, उगाच फुशारू नका.

दर रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना असते. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. पंचशील म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो. सरकारी कचेरीत टायपिस्ट होते मी, पण आवाज पहिल्यापासून साहेबाचा. पहिलं शील मोठ्यानं म्हणते, दुसरं मोठ्यानं म्हणते. परपुरुषाबिरुषाचं ते तिसरं तर जरा जास्तच मोठ्यानं — या वयात त्यात जोखीम ती काय? आणि चौथं आलं की माझे नुसते ओठ हलतात. आवाज येत नाही. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. पाचव्याला, दारूच्या, आवाज पुन्हा जाग्यावर. शेजारच्या बायकांना वाटतं म्हातारीचा श्वास पुरत नाही. श्वास भरपूर आहे हो.

पुरुषांच्या बाजूला भिंतीलगत एका खुर्चीवर माझे धाकटे दीर बसलेले असतात. प्रल्हादभाऊजी. डोळे मिटून, पाचही शीलं एकाच संथ आवाजात म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. पुढे त्यांचं लग्न झालं, बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तेव्हापासून आमच्यातच. आयुष्यभर सरकारी खात्याची जीप चालवली आणि गाडीला एक ओरखडा आणला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबानं हार घातला, तर भाऊजींनी तो काढून जीपच्या आरशाला अडकवला आणि काच पुसून घरी आले. असा माणूस. फार बोलणार नाही, पण जे बोलेल ते तपासून.

त्यांच्याबद्दलच आहे हे. की माझ्याबद्दल? बघू.

नोकरी संपल्यावर मी गप्प घरात बसायला हवं होतं. पण त्या वेळची मी म्हणजे — साठी नुकतीच उलटलेली, आमच्या मानानं अजून पोरसवदाच — तिला कर्तबगार व्हायचं होतं. तिनं पोळी-भाजीचं केंद्र काढलं. मंदा आली, आणखी चारजणी आल्या. लग्नाघरच्या, बारशाच्या ऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा एक जुना डिझेलचा पिकअप घेतला. सकाळी मार्केट यार्डातून भाजी आणायची, दुपारी जेवणं पोचवायची. चालवायचे भाऊजी. शेजारी बसायची ही बाई, मांडीवर पर्स, मनगटात रबरांचा गुच्छ. आमटीच्या पिशव्या बांधायची ती रबरं. केंद्रातल्या सगळ्याजणी ती बांगड्यांसारखी घालायच्या. मी तर बाहेर जातानाही काढायची नाही. लोकांना दिसायला नको का, बाई कामाची आहे ते?

आता गाडीचं थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका, सगळं त्यातच अडकलंय.

इंजिनाला आत हवा लागते तशी धुराला बाहेर जायला वाट लागते. आमची गाडी जुनी आणि दिवसभर गर्दीत रखडणारी, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी धरायची. काजळी धरली की धूर बाहेर पडेना, उलटा इंजिनावरच रेटा द्यायचा. त्याला बॅक प्रेशर म्हणतात, हे मला भाऊजींनी शिकवलं. चूल पेटवून धुराड्यात बोळा कोंबला तर काय होईल? तेच. फरक एवढाच की चुलीचा धूर आपल्या डोळ्यांत जातो आणि आपण ओरडतो. गाडी ओरडत नाही. ती मुकाट्यानं तापत राहते.

म्हणून भाऊजींनी डॅशबोर्डावर एक घड्याळ बसवून घेतलं. वेळेचं नव्हे, दाबाचं. इंजिनाजवळच्या धुराच्या पाइपातून तांब्याची बारीक नळी काढली, तिला पुढे रबरी नळी जोडली आणि ती डॅशबोर्डाखालून फिरवून घड्याळाला लावली. काटा जितका वर, तितका धूर तुंबलेला. काचेवर त्यांनी सुनेकडून नेलपॉलिश मागून खुणा केल्या — इथवर हिरवं, इथवर पिवळं, पुढे लाल. सुनेकडे हिरवी नेलपॉलिश कशाला होती, हे मी तेव्हा विचारलं होतं. अजून उत्तर आलेलं नाही.

आणि मग सुरू झाला जप. सिग्नलला थांबलो की भाऊजी म्हणणार, "काटा हिरव्यात." चढ लागला की, "पिवळ्यात गेला, वहिनी." कुणी विचारलं होतं का? पण ते सांगायचे. आणि लालच्या जवळ गेला की गाडी कडेला. मागे लग्नाचं जेवण असो नाहीतर मयताचं पिठलं, ते शांतपणे उतरणार, गाडीभोवती एक फेरी मारणार, टायरला हात लावणार, आकाशाकडे बघणार. काटा खाली आला की निघणार, तेही बैलगाडीच्या चालीनं. मला वाटायचं, डॅशबोर्डावर चढून बसावं आणि तो काटा बोटानं खाली दाबावा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "वहिनी, सायलेन्सर उतरवून साफ करून घेऊ. दोन दिवस गाडी द्या." मी म्हणायचे, पौर्णिमा होऊ द्या. आधी म्हणत होते लग्नसराई होऊ द्या. त्याआधी म्हणत होते जयंती होऊ द्या. कॅलेंडरात काही ना काही असतंच.

पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. वारज्याला माझी नणंद राहते, कुसुम. तिच्या विहारातल्या खीरदानाची खीर आमच्या केंद्रातून जायची. ती मी मागून घेतली होती, मोठेपणानं. पहिल्याच वर्षी उशीर झाला, कारण भाऊजींनी चढावर दोनदा गाडी थांबवली. पोचलो तर लोक रिकाम्या वाट्या घेऊन रांगेत उभे, आणि सगळ्या बायकांसमोर कुसुम गोड आवाजात म्हणाली, "काय हो वहिनी, वैशाखात निघालेली खीर ज्येष्ठात पोचली का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि वर्षभर ते हसू दातात अडकलेल्या मेथीच्या काडीसारखं घेऊन हिंडले. बघा, किती क्षुल्लक. मी या गोष्टीला एखादं भारदस्त कारण शोधून पाहिलं. नाही सापडलं. नणंद बोलली, एवढंच आहे.

ती रबरी नळी माझ्या गुडघ्यापाशी होती.

हे वाक्य मी इतकी वर्षं मनात म्हणतेय. जणू चूक नळीची. तिनं गुडघ्यापाशी यायचंच कशाला?

दुसऱ्या वर्षीच्या पौर्णिमेच्या आधी, आठवडाभर असेल, मी गंमत म्हणून ती नळी दुमडली आणि मनगटातलं एक रबर काढून त्याचे वेढे दिले. गाडी बंद होती. भाऊजी आले, गाडी सुरू केली, काटा शून्यावर पडून राहिला. त्यांनी काचेवर टिचकी मारली. वाकून बघितलं. मी खोकल्याचं निमित्त करून रबर ओढून काढलं, काटा उठला. म्हणजे मेलेला काटा चालणार नव्हता. जिवंत पण सुखी काटा हवा होता. मग त्या हुशार बाईनं विचार केला. काय विचार केला — कचेरीत एवढा केला असता तर सुपरिंटेंडंट झाली असती. निघण्याआधी इंजिन चालू ठेवून खाली उतरायची आणि मागचा फाळका नीट लागलाय का ते ओढून बघायची भाऊजींना सवय होती. त्या वेळी गाडी नुसती गुरगुरत उभी असते, काटा हिरव्यात असतो. नेमकं तेव्हा नळी बांधायची. दाब आत कोंडला जातो, काटा तिथंच थिजतो. मग चढ येवो, उतार येवो, काटा हिरव्यातच. पोचल्यावर ते गाडी बंद करून आधी फाळका उघडायला उतरायचे, तेवढ्यात मी रबर सोडायचे. काटा शून्यावर. रबर मनगटात. बाई साळसूद.

आणि भाऊजी खूश होते हो. "वहिनी, काटा हलत नाही बघा. गाडी सुधारली. काजळी आपोआप सुटली असेल का?" मी काय म्हणाले ठाऊक आहे? "तुमच्या हाताचा गुण, भाऊजी." ते लाजले. मान खाली घालून गिअर टाकला. जप चालूच होता — "काटा हिरव्यात." फक्त आता त्यात आनंद होता. मी केंद्रात येऊन त्यांची नक्कल करायचे. पोळी तव्यावर टाकून आकाशाकडे बघायचे आणि संथ आवाजात, "मंदा, काटा हिरव्यात." मंदा हसून हसून कणकेच्या परातीवर पडायची. नळीची गंमत तिला सांगितली होती, पण तिला वाटत होतं मी एकदाच केलं ते. एकदा तिनं विचारलं, "ताई, नंतर सांगितलंत ना त्यांना?" मी म्हटलं, हो तर. हे तिच्याशी खोटं. लहानसं. मोठ्याच्या आधी जरा हात बसावा लागतो.

पौर्णिमा आली. त्या दिवसाचं ऊन मला अजून पाठीवर जाणवतं. खिरीची मोठी पातेली मागे चढवली, झाकणं फडक्यांनी बांधली. भाऊजी फाळका बघायला उतरले. मी वाकले.

खडकी, विद्यापीठ, पाषाण — सगळं सुरळीत. भाऊजींनी नवा पांढरा सदरा घातला होता. प्रत्येक सिग्नलला, "काटा हिरव्यात." चांदणी चौकाच्या चढाला गाडी ओढेना. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. काट्याकडे बघितलं. मी त्यांना काट्याकडे बघताना बघितलं. ते स्वतःशीच म्हणाले, "काटा तर हिरव्यात आहे. मग धुराचं नाही. डिझेलमध्ये कचरा असेल." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबू का जरा?"

इथं मी सांगू शकले असते. नळी सोडली असती तरी पुरलं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. काटा उसळून लालच्या पार गेला असता, त्यांनी गाडी कडेला घेतली असती, खीर उशिरा पोचली असती आणि कुसुम काहीतरी बोलली असती. एवढंच झालं असतं. मी म्हटलं, "दाबा भाऊजी, उशीर होतोय."

त्यांनी दाबला. काटा हिरव्यात होता ना, म्हणून दाबला. नाहीतर तो माणूस कुणाच्या सांगण्यावरून पाय दाबणाऱ्यातला नव्हता.

खालून धाड्‌कन आवाज झाला. बॉनेटच्या फटींतून काळा, कढत धूर आला आणि इंजिन गेलं. गाडी चढावर मागे सरकली, त्यांनी ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला. मागे पातेली एकमेकांवर आदळल्याचं ऐकू आलं. कुणाला लागलं नाही. हे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं का? की हे सांगून मी माझं ओझं हलकं करतेय? कुणाला लागलं नाही, खरंच. भाऊजी उडी मारून उतरले, चाकाखाली दगड लावायला धावले. फाळक्याच्या फटीतून खीर गळत होती, तापल्या डांबरावर पांढरी रेघ उताराला लागली होती. आणि त्या क्षणी मी काय करत होते? मी त्यांच्यामागे धावले नाही. खिरीकडेही पाहिलं नाही. मी गुडघ्यापाशी वाकून रबर सोडवत होते. वेढे घट्ट बसले होते, नखानं निघेना. शेवटी निघालं. ते मनगटात चढवलं आणि मगच "अगं बाई" म्हणत खाली उतरले.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण हा नव्हे.

गाडी ओढून गॅरेजात नेली. गॅरेजवाला सलीम आमच्या नेहमीचा, भाऊजींना फार मानायचा. त्यानं सायलेन्सर उतरवला तर आत काजळीचा दगड झालेला. इंजिनाचं गॅस्केट गेलेलं, आणखी काय काय गेलेलं. भाऊजी म्हणाले, "पण काटा हिरव्यात होता." सलीमनं रबरी नळी सोडवून तोंडात धरली आणि फुंकली. काटा टुणकन लालवर. फुंक सोडली, शून्यावर. नळी उन्हात धरून आरपार बघितली. स्वच्छ. तो ओशाळून म्हणाला, "काका, घड्याळ तर ठणठणीत आहे. हा काटा चार-आठ दिवस लालमध्येच असणार. तुमच्या बघण्यात आलं नसेल."

भाऊजींनी घड्याळाच्या काचेवर एक टिचकी मारली. मग माझ्याकडे वळले. सदऱ्यावर धुराचे डाग होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेजारी होतात. काटा कुठे होता?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, भाऊजी."

—नाही.

बघा, इथंही. एवढं सगळं ओकून झालं आणि ऐन वेळी मी पुन्हा तेच केलं. "माझं लक्ष नव्हतं" असं मी म्हणाले नाही. तसं म्हणाले असते तर आज मी चौथं शील निदान पुटपुटू तरी शकले असते. हे वाक्य मी नंतर बनवलं, माझ्यासाठी, आणि इतक्यांदा घोकलं की आत्ता तेच आधी आलं.

मी म्हणाले, "लालमध्ये होता, भाऊजी. मला दिसत होता. पण तुम्ही हिरव्यात हिरव्यात म्हणत होतात, मग मी बायकामाणूस काय बोलणार?"

झालं. सांगितलं.

बायकामाणूस. मी. जिनं कचेरीत साहेबाला उभं करून शब्द दुरुस्त करायला लावले, ती. अडचणीच्या वेळी मला तो पदर बरा सापडला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "खोटं बोलताय" असं एकदा म्हणाले असते तर मी कदाचित भांडता भांडता खरं बोलून गेले असते, माझं तसं होतं. पण त्यांनी मान हलवली. हळू. म्हणाले, "मला हिरव्यात दिसत होता. तुम्हाला लाल दिसत होता. म्हणजे मलाच दिसत नव्हता." आणि सलीमकडे बघून ओशाळं हसले. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. पुन्हा कधी मागितली नाही.

मी समजूत काढली हो. फार काढली. म्हटलं, होतं असं, उन्हाची तिरीप काचेवर येते, मनाला लावून घेऊ नका. आपणच खड्डा खणायचा आणि आत पडलेल्याला वरून पाणी द्यायचं. मोठ्या मायेनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, जवळचा नंबर तेवढा. मी बाहेर येऊन म्हटलं, बघा, काही नाही. भाऊजी जिना उतरता उतरता थांबले. "डोळे चांगले आहेत म्हणजे बिघाड मागे आहे," म्हणाले आणि कपाळाला बोट लावलं. मला वाटलं होतं डॉक्टर त्यांना डोळे परत देतील आणि माझं नाव निघणार नाही. डॉक्टरांनी त्यांचं डोकं काढून घेतलं.

त्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला. पुढे गाडी विकली. केंद्र सुनेनं हातात घेतलं आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवलं, जे मी तिला सांगत नाही. भाऊजी घरात राहिले. स्कूटर सोडली. मग रस्ता ओलांडताना विचारू लागले, "येतंय का काही?" रस्ता मोकळा असतो, त्यांनाही मोकळा दिसत असतो, तरी विचारतात. गॅसचं बटण स्वतः बंद करतात आणि मला हाक मारतात, "वहिनी, बंद आहे ना?" मी येते, बघते, हो म्हणते. प्रत्येक वेळी बंद असतं. एकदाही चालू नव्हतं. पेपर मी वाचून दाखवते, कारण त्यांचं म्हणणं, आपण एक वाचावं आणि छापलेलं दुसरंच असावं, असं नको. घरातले म्हणतात, वहिनी दिराचं किती करते. विहारातल्या बायका म्हणतात, आजकाल कोण करतं एवढं. मी म्हणते, माझंच माणूस आहे, त्यात काय. हे ऐकताना मला काय होतं ते सांगत नाही. ते सांगितलं की तुम्हाला माझी कीव येईल आणि मला ते आवडेल.

मग आत्ताच का? कारण गेल्या महिन्यात माझी नात मित्रा मागेही सीट असलेला नवा पिकअप घेऊन आली. केंद्राची गाडी आता तीच चालवते. नव्या गाड्यांत धुराच्या वाटेत गाळणी असते म्हणे, ती तुंबली की समोर दिवा लागतो. पण ही पोर दिव्यावर विसंबणारी नाही. भाऊजींच्याच वळणाची. तिनं गाडीला कसलीशी डबी लावली आणि मोबाइलवर बॅक प्रेशरचा आकडा दिसायला लागला. मला म्हणाली, "आजी, हे बघ, काय मस्त ना." मला त्या पडद्यात माझा गुडघा दिसला.

कुसुमकडे निघालो तेव्हा मित्रानं भाऊजींना कौतुकानं शेजारी बसवलं. मी मागे. मोबाइल त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "छोटे आजोबा, मी चालवते, तुम्ही हा आकडा बघत राहा. वाढला की सांगा."

भाऊजींनी तिचा हात हळूच बाजूला केला. "मला नको, बाळा. मला दिसतं तसं असतंच असं नाही."

वांगं पचत नाही हे सांगावं, तितक्या साधेपणानं म्हणाले. आणि मग वारजे येईपर्यंत मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले, चुकूनही नजर त्या आकड्यावर पडू नये म्हणून. चांदणी चौकाचा चढ आला. नवी गाडी सरसर चढली. मी मागच्या सीटवर मनगट चोळत बसले होते. रबरं मी केव्हाच घालत नाही. तरी चोळत होते.

तेव्हापासून बसवत नाही. उठते, बाल्कनीत जाते, परत येते. सून विचारते, काय शोधताय? शेवटी कागद घेतला. टायपिंगचा हात अजून जात नाही, पेन धरलं की बोटं टेबलावर आपोआप टाइपरायटर बडवायला बघतात.

माफी मागणार नाही. माफी मागितली की त्यांना ती द्यावी लागेल. ते देतील, लगेच देतील, आणि वर मलाच पाणी आणून देतील. इतकी वर्षं त्यांनी माझ्यासाठी बरंच वाहिलं, आता हे आणखी नको.

रोज सकाळी मी त्यांना वाचून दाखवते. उद्या नाही दाखवणार. उद्या हे कागद त्यांच्यापुढे ठेवेन, चष्मा पुसून वर ठेवेन आणि समोरच्या खुर्चीवर बसेन. उठून स्वयंपाकघरात जाणार नाही. ते म्हणतील, वहिनी, तुम्हीच वाचा. मी म्हणेन, नाही भाऊजी, हे तुमचं तुम्ही. ते सावकाश वाचतील, एका ओळीवर बोट ठेवून, तपासून. रबराच्या ओळीपाशी थांबतील. पुन्हा वाचतील. आणि मग मान वर करून, सवयीनं, मलाच विचारतील, "वहिनी, इथं असंच लिहिलंय ना? मी बरोबर वाचतोय ना?"

हो, भाऊजी. बरोबर वाचताय.